कोपऱ्यातली अकरावी फोड

घड्याळकाकांना बंद वस्तू बघवत नसे. उभा जन्म लोकांच्या घड्याळांची मागची झाकणं काढण्यात गेलेला, त्यामुळे झाकण दिसलं की हात शिवशिवायचेच. मुलीच्या हट्टापायी दुकान बंद केलं, पण सवय कुठे जाते? घरातला रेडिओ, इस्त्री, कुकरची शिट्टी, सगळं एकदा तरी त्यांच्या टेबलावर पोट उघडून पडलेलं. बरं, बहुतेक वस्तू पुन्हा चालायच्याही. एखादा स्क्रू उरलाच तर "हा जास्तीचाच होता" म्हणून डबीत जायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला सांगायच्या, "मला ताप आला तर यांना कळवू नका, आधी उघडून बघतील."

तर या काकू जिन्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. तीन आठवडे दवाखान्यात. घरी काका एकटे, आणि स्वयंपाकातलं त्यांना येतं काय, तर बटाटे उकडणं. जिन्याखालच्या टोपलीत बटाटे होतेच. कोंब फुटलेले होते, ते खुडले, उकडले, मीठ लावून खाल्ले. तिन्ही आठवडे हेच. चवीला झकास होते.

काकू घरी आल्या, वरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, जिन्याखालची टोपली आणा बघू. लावायची वेळ झाली."

काकांनी टोपली आणली. आत पाच बटाटे होते.

"बाकीचे?"

"खाल्ले."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या टोपलीकडे बघत राहिल्या. ते खायचे बटाटे नव्हतेच, बेणं होतं. काकू या घरात आल्या तेव्हा त्यांच्या आईने पिशवीत बांधून दिलेलं. दर वर्षी लावायचे, काढायचे, त्यातले चांगले पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवायचे, असं एकेचाळीस वर्षं चाललेलं. आई गेली. आईचं घर विकलं, तिथल्या बागेवर फरशी घालून आता लोक गाड्या लावतात. आईच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. दिसायला मात्र चारचौघांसारखे, भाजीवाल्याच्या ढिगात टाकले तर काकूंनाही ओळखू आले नसते.

"मला ठाऊक नव्हतं गं," काका म्हणाले.

"एकेचाळीस वर्षं खाताय. कधी विचारलंत, हे येतात कुठून?"

हे मात्र काकांना लागलं. खरंच विचारलं नव्हतं. कुकरची शिट्टी का वाजते हे ज्या माणसाने तीनदा उघडून पाहिलं, त्याने बायकोच्या बागेत एकदाही डोकावू नये? आता हे पाच बटाटे जगवायचेच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पाच गेले तर संपलंच, परत आणायचे कुठून?

काकूंनी पलंगावर बसूनच फोडी केल्या. एका बटाट्याच्या दोन, प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे. कापलेली बाजू सुकायला दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवली. काका शेजारी खुर्ची ओढून बसले, घड्याळाचं भिंग डोळ्यात अडकवून एकेक डोळा तपासत आणि विचारत सुटले. कोंब डोळ्यातूनच का फुटतो? सालीतून का नाही? उलटा लावला तर त्याला वर कुठे ते कसं कळतं?

"त्याला कळतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही खड्डे वीतभर खोल करा, म्हणजे झालं."

काकांनी खाली अंगणात मोजपट्टी लावून खड्डे केले. दहा फोडी दोन ओळींत, खिडकीतून दिसतील अशा. मग काकूंनी उशीजवळच्या वाटीतून आणखी एक फोड काढून दिली. "ही एक राहिली. तिकडे टाकीमागच्या कोपऱ्यात लावा. तिथलं मला दिसत नाही, पण असू दे."

दहा दिवस झाले तरी मातीवर काही नाही. काका सकाळ-संध्याकाळ वाकून बघायचे. बाराव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. खिडकीकडे एक नजर टाकली, टाकीमागे उकिडवे बसले आणि बोटांनी माती बाजूला केली.

आणि काय सांगावं, खाली सगळं चालू होतं. कोंब जाडजूड होऊन वर निघालेला, त्याच्या बुडाशी मुळांचा झुपका. काकांनी श्वास रोखून पाहिलं, माती पुन्हा लोटली आणि चोरासारखे हात धुतले. पुढच्या रविवारी पुन्हा. मग दर रविवारी. बटाटा मुळांना लागतो असं ते आजवर धरून चालले होते. कसलं काय! खोडातूनच आडवे पांढरे दोरे निघतात आणि त्या दोऱ्यांची टोकं फुगतात. एका रविवारी टोकाला मोहरीएवढा दाणा होता, पुढच्या रविवारी वाटाण्याएवढा. लावलेली जुनी फोड मऊ पडून रिकामी होत चालली होती. हे सगळं त्यांना धावत वर जाऊन काकूंना सांगायचं होतं, आणि नेमकं तेच सांगता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी कोपऱ्यातलं रोप मान टाकून मेलं. काका समजायचं ते समजले. निदान दहा तरी आहेत, म्हणून त्यांनी उरलेल्यांना बोट लावलं नाही, काकू खिडकीतून सांगतील तशी नुसती मातीची भर देत राहिले. पण तीन आठवडे जातात न जातात तोच दोन्ही ओळी पिवळ्या पडायला लागल्या. आधी खालची पानं, मग सगळंच. काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्याच हातांनी कोपऱ्यातलं उपसलं, त्याच हातांनी यांना भर दिली. कसलातरी रोग आपणच पोचवला. काकूंच्या आईचं बेणं आधी खाल्लं, उरलेलं मारलं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. रविवार, टाकी, मोहरी, वाटाणा, सगळं. "तुझ्या आईचं होतं ते," म्हणाले.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, पाला वाळला म्हणजे खाली बटाटा तयार झाला. दर वर्षी असंच होतं."

"आणि कोपऱ्यातलं?"

"ते मेलं ते तुमच्या हातानेच. पण ती फोड आईच्या बटाट्याची नव्हती. मुलीकडून भाजीवाल्याचा एक मागवून ठेवला होता. उघडल्याशिवाय राहणार आहात का तुम्ही? म्हटलं, उघडायला एक तुमचा वेगळा असू दे."

काका हसले, आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसले.

"जा आता, काढा," काकू म्हणाल्या. "मी बघते इथून."

"नाही काढत. तू खाली उतरशील तेव्हा काढू."

"डॉक्टर अजून तीन आठवडे म्हणतात."

"राहतील ना मातीत तीन आठवडे?"

"राहतील. साल घट्ट होईल, चांगलंच आहे. पण तुम्ही राहाल का?"

काका राहिले. रोज खाली जाऊन दोन ओळींमध्ये हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि वर यायचे. काकूंना ते खिडकीतून दिसायचं. त्याही मग चालण्याचा सराव दिवसातून दोनदा ऐवजी चारदा करू लागल्या.

तीन आठवड्यांनी काकू अकरा पायऱ्या उतरल्या, एक हात कठड्यावर, एक काकांच्या खांद्यावर. अंगणात स्टूल मांडलं होतं. काकांनी भिंग डोळ्यात अडकवलं, खुरपं हातात घेतलं आणि थांबले.

"उघडू?"

"उघडा."

मोठी टोपली शिगोशीग भरली. काकूंनी मांडीवर घेऊन एकेक चाचपला, चांगले चाळीसेक बेण्यासाठी बाजूला काढले आणि जिन्याखालच्या टोपलीत रचले. मग त्या दिवशी मदतीला आलेल्या मुलीला हाक मारून स्वयंपाकघरातून भाजीवाल्याचा एक बटाटा मागवला, तोही त्यांच्या शेजारी एका वाटीत ठेवला, आणि म्हणाल्या, "हा पुढच्या वर्षीचा, तुमचा."