वेष्टीचा कागद

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाइतका लग्नकार्याला बोलवायला धोक्याचा माणूस अख्ख्या कुंभकोणमात सापडायचा नाही. चिंध्यांपासून हातकागद करणे हा भाऊजींचा उद्योग आणि शुद्ध सुती चिंधी शोधणे हा त्यांचा आजार. पॉलिस्टर मिसळले की लगदा होत नाही, नुसते तंतू तरंगतात. म्हणून पंगतीत ते शेजाऱ्याच्या अंगवस्त्राचा सुटलेला धागा ओढून काडीने जाळून बघत. राख झाली तर त्याला नमस्कार, वितळून मणी झाला तर, "अय्यय्यो मामा, हे नेसून होमाशी बसू नका!" तिरुभुवनम्‌च्या रेशीम विणकरांना "तुमचा माल माझ्या काही कामाचा नाही" असे तोंडावर सांगून आले. सांत्वनाला जातानाही गेलेल्याच्या वेष्टीसाठी, म्हणजे धोतरासाठी, काखेत पिशवी. मी म्हणे, "लोक काय म्हणतील?" "म्हणू दे, वहिनी. जिवंत माणूस जुनी वेष्टी सोडतो कुठे?"

हल्ली मेलेलेही उपयोगाचे राहिले नाहीत. सगळे गाव प्लास्टिक नेसते.

आजोबा गेले तेव्हा तुम्ही फोनच्या पडद्यावर दर्शन घेतलेत. तेरावा झाल्यावर मीच भाऊजींना बोलावले. म्हटले, त्यांच्या वेष्ट्यांचा कागद करून द्या, त्यावर मुलांना लिहीन. साऱ्या वेष्ट्या तुमच्या बाबांनी पाठवलेल्या, 'शुद्ध सुती' असा सोनेरी छाप असलेल्या. भाऊजींनी एक धागा जाळला. मणी. दुसऱ्या वेष्टीचा जाळला. मणी.

"वहिनी, अण्णा विरघळायचे नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मुलाने पाठवलेल्या म्हणून तुमचे आजोबा उन्हाळाभर त्याच नेसत. कमरेभोवती घामोळे यायचे, आणि मी त्यांच्या वयाला दोष देत पावडर लावायची. लेबल वाचायला आपण सगळेच शिकलो, कापड हातात धरून बघायला कोणाला सवड नव्हती.

भाऊजींनी तरीही गाठोडे बांधून नेले. महिन्याभराने कागदांची चवड घेऊन आले. "तळाशी एक सुती निघाली, वहिनी." गाठोडे मीच भरले होते, तळाशी तसले काही नव्हते. आणि जन्मात वेष्टीखेरीज काही न नेसलेला हा माणूस स्वतःच्या मुलाची पँट एका हाताने कमरेशी धरून दारात उभा होता.

"बसा, कॉफी करते."

"उभ्यानेच घेतो. हिच्यात बसता येत नाही."

कागद जाड आहे, शाई थोडी पसरते. हा तुमच्या आजोबांच्या वेष्टीचा आहे, असे भाऊजी म्हणतात. तुम्हीही तसेच समजा.