स्पॉन्सर या शब्दाची धास्ती

अमेरिकेत, मिशिगनच्या नोव्हाय गावातल्या उपासनाच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावलीच नाही. तिथे गाद्या, कोट, प्रेशर कुकर. नागपूर, अमरावतीहून जवळच्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकायला येणारी आपली मुलं आधी तिच्याकडे उतरत. विमानतळावरून आणणारी तीच, रविवारी चर्चकडून मिळालेल्या हॉलमध्ये बुद्धवंदना आणि अभ्यासवर्ग घेणारीही तीच. देणग्यासुद्धा तिच्याच खात्यात जमा होत.

यंदा चर्चनं कळवलं, हॉल हवा तर नोंदणीकृत संस्थेचा विमा दाखवा. कंपनीतली शिफ्ट संपवून नोंदणीमागे धावायचं त्राण तिच्यात नव्हतं. डेट्रॉइटची एक जुनी संस्था ‘फिस्कल स्पॉन्सर’ व्हायला तयार झाली. उपासनानं वर्गाला येणाऱ्या सगळ्यांना घरी बोलावलं.

‘‘स्पॉन्सर?’’ वर्गातले सगळ्यांत जुने लहूकाका ताडकन उठले. ‘‘अजिबात नको. माझा व्हिसा काढणाऱ्या एका स्पॉन्सर मालकाच्या मुठीत माझी जवानी गेली. आई वारली तेव्हा व्हिसाच्या भीतीनं जाता आलं नाही मला.’’

जमलेल्यांतले निम्मे अजून व्हिसावरच होते.

‘‘काका, हा तसला स्पॉन्सर नाही, यार,’’ विद्यार्थ्यांतला अतुल म्हणाला.

‘‘माझाही सुरुवातीला तसला नव्हता.’’

उपासना थकल्या आवाजात सांगू लागली. ‘‘नोंदणी त्यांची, विमा त्यांचा, हिशेबही तेच ठेवणार. काम आपलं, नाव आपलं. देणगीतला थोडा वाटा त्यांना.’’

‘‘आणि पटलं नाही तर?’’ काकांनी विचारलं.

‘‘नोटीस द्यायची, दुसरा शोधायचा.’’

‘‘देश नाही सोडावा लागत?’’

सगळे हसले. उपासना हसली नाही.

‘‘काका, नको असेल तर मी हे बंद करते. मला आता होत नाही.’’

हे तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. काका हळूच खाली बसले.

‘‘निघता येतं, हे करारात आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘वाच.’’

तिनं वाचलं. काकांनी तेवढंच कलम पुन्हा वाचायला लावलं.

‘‘कर सही,’’ ते म्हणाले. ‘‘आणि हॉलची किल्ली आपल्या या मैत्रीकडे दे, वर्ग ती घेईल. तू जरा पड.’’

विमा आला, हॉल राहिला. पुढे एका फाउंडेशननं विमानतळावरून मुलं आणायला व्हॅनही दिली. आधी नोंदणीचा कागद नसल्यानं त्यांच्या दारात उभंही राहता येत नव्हतं.

मैत्रीनं वर्ग घेतला त्या पहिल्या रविवारी उपासना दुपारपर्यंत झोपली. दचकून उठली. फोन पाहिला. कुणीच केला नव्हता. ती कूस बदलून पुन्हा झोपली.