कावळा शिवेपर्यंत

आमच्या वारसा फेरीच्या पत्रकात अंबूबाईचा उंबरा कुठंच छापलेला नव्हता, पण सगळ्यांत जास्त वेळ आम्ही तिथंच थांबायचो. महिन्यातून एका रविवारी सकाळी वीसेक माणसं, बहुतेक निवृत्त आणि झाडून सगळी हौशी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवरून उतरून पंचगंगेच्या घाटाकडं चालत जायची. पायात महागडे बूट, गळ्यात कॅमेरे, आणि आपल्याच गावात पाहुण्यासारखं फिरणं. मीही त्यांतलीच. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि घाट नीट पाहिला निवृत्तीनंतर.

अंबूबाई गल्लीच्या तोंडाशी, आपल्या एका खोलीच्या उंबऱ्यावर फुलं, दुर्वा आणि वाती विकायची. आम्ही दिसलो की भिंतीवरच्या पुराच्या रेघा हनुवटीनंच दाखवायची. "ही पाचची, ही एकोणीसची, ही एकवीसची. बगून घ्या आनि वाट सोडा, गिऱ्हाईक खोळंबलंय." प्रत्येक पुरात ती शाळेच्या वर्गात जाऊन राहिली आणि पाणी उतरलं की येऊन हातानं चिखल उपसला. मूलबाळ नव्हतं. नवरा गुंडू जवळच्या तालमीत आखाड्याची माती राखायचा. तेल, ताक, हळद घालून दिवसभर ती कालवायचा आणि घरी आला की मुका. "मातीसंगं बोलून दमतंय ते," असं ती हसून सांगायची. खोली गुंडूच्या नावावर होती. अंबूबाईचं म्हणून जगात जे काही होतं, ते त्या दहा बाय बारात होतं.

गुंडू शुक्रवारी गेला. रविवारी रक्षाविसर्जन आणि त्याच रविवारी आमची फेरी.

फेरीचे प्रमुख विजयसिंह यांनी नुकतंच ड्रोन घेतलं होतं. नव्या सुनेसारखं त्याचं कौतुक चाललं होतं. आम्ही घाटावर पोचलो तेव्हा ते आमच्या डोक्यावर घोंघावत होतं आणि खाली पायरीवर अंबूबाई भावकीच्या गराड्यात बसली होती. समोर पत्रावळीवर दहीभात, बटाटेवडा आणि तंबाखूची पुडी, सगळं गुंडूच्या आवडीचं. कावळ्याची वाट बघणं चालू होतं.

एरवी त्या घाटावरचे कावळे हातातला घास पळवतात. त्या दिवशी एकही खाली येईना. ड्रोन फिरेल तसे ते सगळे पलीकडच्या काठाला जाऊन बसले होते. हे मला स्पष्ट दिसत होतं. विजयसिंह हळू आवाजात आम्हाला सांगत होते, "ही जिवंत परंपरा आहे. कुणी मध्ये बोलू नका. लोकांच्या श्रद्धेत आपण पडायचं नसतं." आणि बोटांनी ड्रोन आणखी खाली आणत होते.

घोंघावणं भावकीलाही ऐकू येत होतं. पण कावळा शिवत नाही याचं कारण आभाळात शोधायची आपली रीत नाही. ते मेलेल्याच्या मनात शोधायचं.

अंबूबाई हात जोडून म्हणाली, "जोतिबाला जाऊन येतो, दवना वाहतो तुमच्या नावानं." कावळा आला नाही. "आखाड्याला तेल घालतो दर साली." तरी नाही. उन्हं चढली. माणसं पाय बदलू लागली.

मग गुंडूचा भाऊ जोतीराम पुढं झाला. तो बिद्रीकडचा, आयत्या बिळात नागोबा व्हायला कधीचा टपलेला. "वैनी, दादाचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यास्नी ठावं हाय. खोलीला वारस न्हाय. माझ्या पोराला, सम्राटला देतो म्हण, बग येतोय का न्हाय."

"त्यांनी कवा म्हटलं न्हाय तसं," अंबूबाई म्हणाली.

"त्यो बोलत हुता कवा? आता सांगतोय की. का तळमळत ठेवतीस त्येला?"

ती पत्रावळीकडं बघत राहिली. चाळीस वर्षं न बोललेला माणूस आता एवढंच मागतोय, असं तिला वाटलं असणार. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "देतो. सम्राटला देतो खोली. जावा आता सुखानं."

त्याच सुमारास ड्रोनची बॅटरी संपली आणि विजयसिंहांनी ते खाली उतरवलं. मिनिटभरात दोन कावळे आले आणि दहीभातावर तुटून पडले. भावकीतून समाधानाचा हुंकार उठला. आमच्यातल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, काय श्रद्धा असते ना. मग आम्ही मिसळ खायला गेलो. मी मूग गिळून बसले होते, आणि मिसळही गिळली. माझी मला किळस येते ती त्या घासांमुळं.

पुढच्या फेरीला उंबऱ्याच्या जागी शटर होतं. अंबूबाई घाटाच्या पायरीवर फुलांची बुट्टी घेऊन बसलेली, झोपायला कुणाच्या तरी पडवीत. फेरी पुढं गेली, मी मागं राहिले.

"खोलीचं न्हाय वाटत, बाई," ती म्हणाली. "मला भाईर काढायचं त्येंच्या मनात हुतं, आनि मी चाळीस वर्स त्येंस्नी जेवाय वाढलं. ह्ये काळजातनं जाईना."

मला राहवलं नाही. ड्रोन, कावळे, बॅटरी, सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हंजे ते मागत नव्हतं?"

"नाही, अंबूबाई. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं."

तिनं डोळे मिटले. किती तरी दिवसांनी नवरा परत मिळाल्यासारखी ती बसली होती. मग डोळे उघडून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुमी तितंच हुतासा की. मग बोलला का न्हाईसा?"