अप्पांची हाळी आणि बाजारचा भोंगा

माझ्या अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि आवाज एकाच सकाळी गेले. हातापायाचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. आवाजाचं मात्र घेतलं, कारण आमच्याकडं भात पोटरीला येऊन कणसं धरू लागलं की शेत आवाजावरच राखायचं.

जोयड्याच्या या रानात दिवे लागायच्या वेळेला गवे खाली उतरतात. म्हणून प्रत्येक शेतात खांबांवर उंच बांधलेला एक माळा आणि माळ्यावर एक माणूस. एकानं हाळी द्यायची, "हाऽऽ होऽऽ!" मग पलीकडच्यानं, मग त्याच्या पलीकडच्यानं. अशी ती खोऱ्यातून फिरत यायची. गवा पळायचाच, पण माळ्यावरचा माणूस धड आहे हेही सगळ्यांना कळायचं. ज्याची हाळी आली नाही त्याच्याकडं कोणीतरी बॅटरी घेऊन धावत सुटायचं. मला कळायला लागल्यापासून पहिली हाळी अप्पांची, आणि तिला ओ द्यायची पलीकडच्या शेतातल्या काकांनी. दोघं पोरपणापासूनचे सोबती.

मी रामनगरात मोटारी-पंख्यांचं वाइंडिंग करतो, त्यामुळं डोकं चाललं. अप्पांची हाळी माझ्या मोबाइलात होती, कधीतरी गंमत म्हणून घेतलेली. जुन्या रेडिओतला स्पीकर काढला. त्याचा फाटका पडदा कागद आणि फणसाचा चीक लावून सांधला. तेलाचा पत्र्याचा डबा कापून कर्णा केला. मोटारसायकलची जुनी बॅटरी, मेमरी कार्डाचं किट, आणि दाबायला दारावरच्या बेलचं बटण. आवाज फाटका यायचा, डबा नुसता थरथरायचा. "रेड्याला सर्दी झाल्यागत वाजतंय," बायको म्हणाली.

पण पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. पलीकडनं काकांनी काय हाळी दिली म्हणता! वर ओरडले, "आरं लेका, जिता हायस व्हय!" अप्पा हसले. तोंड वाकडं झालं, पण पोटभर हसले. त्या दिवसापासून सांज झाली की माळ्यावर न्या म्हणून घाई करायचे.

अशा दोन सुग्या गेल्या. तिसऱ्या साली पावसानं पडदा भिजून सुटला आणि मला तो परत चिकटवायचा कंटाळा आला. खरं ते सांगतो, नुसता कंटाळा. बाजारातनं आयता भोंगा आणला. उन्हावर चार्ज होणारा, आपोआप वाजणारा. सायरन, कुत्री, बंदुकीचा बार, सगळं आत भरलेलं. आवाज खणखणीत. आमचं डबडं त्याच्यापुढं कुठं लागतंय! गवे जे वर गेले ते बांधाकडं फिरकलेच नाहीत. झालं, मी फुशारून सगळ्या खोऱ्याला सांगत सुटलो, "आणा रे आणा, राखण सुटंल, पाठ टेकून झोपा." काकांचा भोंगा तर मीच आणला आणि मीच खांबावर चढून बसवून दिला. सुगी संपायच्या आत एकाही माळ्यावर माणूस राहिला नाही. भात मात्र कधी नव्हे इतकं पदरात पडलं, ते नाही कसं म्हणू?

पुढच्या साली भात पोटरीला आलं तसे अप्पा दिवेलागणीला माळ्याकडं बोट दाखवू लागले. "आता कशाला अप्पा? ते आपोआप वाजतंय," मी म्हणायचो. मग त्यांचं जेवण कमी झालं. मग बोट दाखवायचेही थांबले, भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागले. डॉक्टर म्हणाले, आहे तेच औषध चालू ठेवा. शेवटी बायकोच कडाडली, "त्यांचं डबडं द्या की त्यांना परत! माणूस झुरतंय, दिसत न्हाई व्हय?"

दिसत होतं हो. पडदा नव्यानं सांधला, दोन दिवस उन्हात वाळवला. आमच्या शेतातला भोंगा बंद केला, अप्पांना पाठुंगळी घेऊन माळ्यावर चढवलं आणि बटण हातात दिलं. त्यांनी सवयीनं घसा खाकरल्यासारखं केलं आणि दाबलं.

"हाऽऽ होऽऽ!" तोच फाटका आवाज. अप्पांनी काकांच्या शेताकडं कान लावला. तिकडनं सायरन वाजला. त्याच्या पलीकडं कुत्री भुंकली, तीही भोंग्यातलीच. अप्पांनी परत दाबलं. परत वाट बघितली. सहा वेळा, सात वेळा. राखणीचं काम उरलं नाही म्हणून काका केव्हाच लेकाकडं बेळगावला राहायला गेले होते, आणि ते अप्पांना सांगायचा मला धीर झाला नव्हता. वाटलं होतं, आजूबाजूच्या घरांतनं कोणीतरी ऐकेल, ओ देईल. दारं लावून टीव्हीपुढं बसलेल्यांना काय ऐकू येणार?

मला बघवेना. "पाणी बघून येतो," म्हणालो आणि खाली उतरून बांधामागनं काकांच्या शेतापर्यंत पळत गेलो. तिथनं काकांसारखाच, शेवटाला आवाज चढवत ओरडलो, "हाऽऽ होऽऽ!" थांबलो. डबा वाजला नाही. आणखी एकदा ओरडलो, घसा फुटेस्तोवर. काही नाही.

धापा टाकत माळ्यावर आलो तर अप्पांनी डाव्या हातानं बॅटरीची वायर काढून ठेवली होती. सोबत्याचा आवाज कुठला आणि पोटच्या पोराचा कुठला, एवढं त्यांना कळत नव्हतं व्हय? माझ्याकडं बघून त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. मग तळव्यानं माझ्या तोंडावरचा घाम पुसला. मी त्यांना पाठीवर घेतलं आणि शिडी उतरू लागलो. पलीकडं काकांचा भोंगा, मी लावून दिला होता तसा, दर दहा मिनिटांनी बिनचूक वाजत होता.