काच बंदच होती

त्या पावसाळ्यात माझ्या गाडीत पाणी साचायला लागलं, आणि त्याचं कारण मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बाईनं काच उघडी ठेवली असणार.

मी जनावरांची डॉक्टर. राहते जुन्नरला, पण दिवस जातो बेल्हे ते आण्याच्या पठारापर्यंत फिरण्यात. औषधांचं खोकं डाव्या सीटपुढे, पायाशी असतं. आण्यात एक व्यालेली म्हैस आडवी पडली होती, तिला तातडीनं कॅल्शियम लावायचं होतं. खोकं उचललं तर त्याचा भिजलेला तळच सुटला. मॅटखाली बोटभर पाणी. बाटल्यांची लेबलं सुटून तरंगत होती. कुठल्या बाटलीत काय, ते कळेना. मालक बघत उभा. मी तशीच बेल्ह्याला गेले, दुसरी बाटली घेऊन आले. म्हैस वाचली, पण त्या पाऊण तासात माझा जीव अर्धा झाला.

गाडी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सुपरवायझरनं एसीची नळी तुंबल्याचं सांगून ती साफ करून दिली. मी एसी लावतच नाही, हे त्यानं ऐकूनही घेतलं नाही. पुढच्या पावसात पुन्हा पाणी. पुन्हा गेले, तर मला बाहेर बसवून त्यानं माझ्या नवऱ्याला फोन लावला. त्यांच्याकडच्या कागदावर नंबर नवऱ्याचा होता. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काच नीट लावतेस ना?" तिसऱ्या खेपेला त्यांनी आत सुवासाची डबी टांगून दिली. त्या रात्री नवऱ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मी घरात गाडीबद्दल बोलणंच सोडलं.

कुबट वास काही जाईना. शेवटी जुन्नरच्या पेठेत गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या चाचांकडे गेले, गालिचा तरी बदलून मिळेल म्हणून. त्यांनी सीट काढली, गालिचा उचलला, खालचा फोम पिळला. काळं पाणी धो धो पडलं.

"डॉक्टरबाई, हे लई दिवसांचं हाय," ते म्हणाले. "काचंचं पाणी न्हाई हे."

त्यांनी मला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायला सांगितलं, आणि स्वतः बाहेरून पुढच्या काचेच्या बुडाशी मगानं पाणी ओतलं. एका वायरीवरून पाण्याची बारीक धार आत येताना मला स्वच्छ दिसली. ती वायर मार्चमध्ये सर्व्हिस सेंटरनंच नव्या दिव्यांसाठी घातली होती. भोक पाडलं होतं, त्यावरचं रबरी बूच लावलं नव्हतं. मी मोबाईलवर ते सगळं चित्रित केलं आणि ओला गालिचा डिकीत टाकून तशीच, उघड्या पत्र्यावर पाय ठेवून, सर्व्हिस सेंटर गाठलं.

सुपरवायझरनं व्हिडिओ पाहिला. मग माझ्या नवऱ्याचा नंबर काढत म्हणाला, "सरांशी बोलून घेतो."

"गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणाले. "चालवते मी, औषधं माझी भिजली. तुम्ही माझ्याशी बोला."

आजूबाजूचे चार लोक वळून पाहू लागले. त्यानं फोन खाली ठेवला. बूच बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माफी मात्र त्यानं मागितली नाही.

घरी आल्यावर गालिचा गच्चीवर वाळत टाकला आणि नवऱ्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोनदा बघितला आणि म्हणाला, "चला, सापडलं एकदाचं." सर्व्हिस सेंटरवर आला नव्हता एवढा राग मला तेव्हा त्याच्यावर आला. त्यांना मी परकी होते. ह्यानं पंधरा वर्षं मला कुलपं दोनदा ओढून बघताना पाहिलंय. मी ते त्याला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला जायच्या आधी गच्चीवर जाऊन त्यानं गालिचा उलटा करून उन्हात पसरला. मी जिन्यातून पाहिलं आणि खाली जाऊन गाडी काढली. त्याच्याशी बोलायला मला अजून चार दिवस लागले.