चिंधीचा दुधी

भाऊबीजेला बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी वाडीतला सगळ्यांत देखणा दुधी तोडला. हातभर लांब, सरळसोट, अंगावर कोवळी लव. देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती, ती सोडून टाकली. भेटीच्या वस्तूला चिंधी बरी दिसत नाही, एवढी अक्कल मला होती. टोपली डोक्यावर घेऊन माणिकपूरला पोचलो. बहिणीने दुपारी दुधी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घालून शिजवला. मी दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी ढेकर देत घरी आलो, तर बायको वाडीत मांडवाखाली उभी.

"अहो, चिंधीचा दुधी कुठाय?"

"अर्धा ताईकडे, अर्धा इथे," मी पोटावरून हात फिरवला.

एरवी अशा विनोदाला ती निदान तोंड तरी वाकडं करते. त्या दिवशी मटकन खालीच बसली.

आमच्या घरी चिंधी बांधायची ती नजर लागू नये म्हणून. माझी आई वांग्यालाही बांधायची आणि लहानपणी मलाही, जरी कुणी पाहून थबकावं असं माझ्यात तेव्हाही काही नव्हतं. बायकोच्या माहेरी मात्र चिंधी म्हणजे बियाण्याची खूण. याला हात लावायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा फरक आमच्या बोलण्यात कधी आला नव्हता. भाजी तोडायची ती, मी आपला रहाट चालवून पाणी लावणार. चिंधीच्या फळाला माझा हात लागायची पाळीच आली नव्हती.

ते बियाणं तिच्या आईचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीला बांधून आणलेलं. पुढे आई गेली. माहेरच्या वाडीचा बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरलं आणि तिथे काही उगवेनासं झालं. आदल्या साली चुलीवर टांगलेला बियांचा तुंबा, म्हणजे बियांसकट वाळवलेला दुधी, उंदरांनी पोखरला. वाचल्या तेवढ्या बिया तिने यंदा पेरल्या होत्या. तिच्या माहेरचं जे काही उरलं होतं ते त्या एका दुधीत होतं, आणि ते मी करंदीबरोबर खाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मांडवाचं पान न् पान उलटून पाहिलं. वेल संपत आला होता. एक कळी नाही. त्याचा एक फाटा गोठ्याच्या छपरावर चढून वाळत होता.

"तेवढा छपरावरचा वेल काढा," बायको म्हणाली. "उंदरांना घर होईल."

"उद्या काढतो," मी म्हणालो.

मग थंडी आली. पांढऱ्या कांद्याचे वाफे, वाल, नवलकोल. कामाला तोटा नव्हता आणि वेलाचा 'उद्या' रोज पुढे सरकत होता. ती दुधीबद्दल चकार शब्द काढत नव्हती. पण तुंब्याची खुंटी तिने तशीच रिकामी ठेवली, तिला साधा लसूणही टांगला नाही. जेवायला बसलं की नेमकी ती खुंटी माझ्या समोर. भांडली असती तर बरं झालं असतं.

माघात मी भरपाई म्हणून बाजारातून बी आणून लावलं. फळं धरली, पण आखूड, पोट सुटलेली आणि अशी कडू की बैलानेसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.

"दिसायला तुमच्यावर गेलाय," बायको म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती माझी थट्टा करत होती, तरी मला हसू आलं नाही.

वैशाखात गोठा शाकारायला घेतला. आता सुटका नव्हती. पावसाच्या आत छपरावर नवा पेंढा घालायलाच हवा. वर चढलो, शिव्या देत वाळका वेल ओढू लागलो आणि मागच्या उतारावर माझा पाय घसरला. गुडघा कशावर तरी टणकन आपटला. वाटलं, नारळ पडलाय. पेंढा बाजूला केला.

दुधी! हातभर लांब, वाळून तपकिरी झालेला. ना चिंधी, ना कुणाची नजर. कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या.

"अगं ए! बाहेर ये! हा बघ, टाकतो खाली—"

"टाकू नका!" ती अशी ओरडली की बैल उठून उभा राहिला.

तान्हं मूल घ्यावं तसा तो छातीशी धरून मी शिडी उतरलो. राखेचे हात तिने लुगड्याला पुसले, दुधी कानाशी नेला, हलवला, पुन्हा हलवला. मग डोळे मिटून नुसती ऐकत राहिली. मी गुडघा चोळत उभा होतो. कार्तिकापासून अडकलेला श्वास तेव्हा कुठे सुटला.

श्वास सुटला तशी जीभही सुटली. "बघ हं. तू सांगितल्या दिवशी मी वेल काढला असता तर हा कोवळाच तुटून गोठ्यात गेला असता. माझ्या आळसाने वाचवलं तुझं बियाणं."

तिने खांद्यावरच्या फडक्याची कड टरकावली आणि ती चिंधी माझ्या मनगटाला घट्ट बांधली.

"ही नजरेची की बियाण्याची?" मी विचारलं.

"नजरेचीच," ती म्हणाली. "तुमच्या आळसाचं बियाणं धरून काय करायचंय?"