समुद्रफुलांचा उजेड

लग्नानंतरच्या पहिल्या गौरी-गणपतीला बायको रत्नागिरीकडे माहेरी गेली आणि येताना समुद्र घेऊन आली. म्हणजे खाऱ्या पाण्याचे दोन डबे आणि बरणीत पंजाएवढा एक दगड. दगडाला तपकिरी बोंडं चिकटलेली. सोलापूरहून तुळजापूरला येईपर्यंत गाडीत तिनं ती बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"ही फुलं आहेत. जिवंत. पाण्यात उमलतात," ती म्हणाली. मला तर ते भिजवलेले हरभरे वाटले.

"ही इथं जगली, तर मीही इथं रुळेन बघा." हे ती हसून म्हणाली, पण तेव्हापासून मी घाबरलो.

निजामाचं राज्य गेलं, पुढं मुलूख एकत्र झाला, म्हणून आमच्याकडे ही कोकणातली सोयरीक आली. त्याआधी आमच्या घरात सून यायची ती फार तर नळदुर्गाहून किंवा परांड्याहून. समुद्र मी लग्नात पाहिला, तोही मुंडावळ्यांच्या आडून. आणि शाळेत मी शिकवायचो काय, तर भूगोल!

देवीच्या तसबिरी मढवणाऱ्या कारागिराकडून काचेची पेटी करून घेतली. "यात काय बसवायचं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, दगड. त्यानं सरळ माप घेतलं. आमच्या गावात दगडाला कुणी हसत नाही.

पेटीत दगड ठेवला, पाणी ओतलं, पण बोंडं काही उघडेनात.

"उजेड कमी पडतोय यांना," ती म्हणाली.

"मग किती हवा?"

"मला काय ठाऊक? तिकडे उजेड असतोच. कुणी मोजून देतं का?"

इथून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पेटी खिडकीत ठेवली, तर दुपारपर्यंत पाणी आंघोळीला घ्यावं इतकं तापलं. आत ओढली, तर अंधार. आमच्या खोलीच्या माळवदाला उजेडासाठी एक साणं होतं, त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा. पेटी स्टुलावर चढवून त्या कवडशात ठेवली, तर तो सरकायचा. मी शाळेत गेलो की आई स्टूल सरकवत बसायची.

"उन्हामागं कुठवर पळू रे मी? माझी कंबर गेली की!" असं म्हणायची, आणि पुन्हा सरकवायची. शाळेतले चित्रकलेचे मास्तर म्हणाले, समुद्र निळा असतो, वर निळा कागद लावा. लावला. पाणी दौतीतल्या शाईसारखं दिसायला लागलं, म्हणून काढला.

त्याच सुमारास देवी मंचकी निजली. नवरात्राआधी देवळात मूर्ती पलंगावर निजवतात, आणि देवी पलंगावर म्हणून आम्ही पुजाऱ्यांच्या घरचे गादीला शिवत नाही. बायकोनं काही न विचारता आमच्यासारखी घोंगडी अंथरली. सकाळी उठली की चूळ भरायच्या आधी पेटीत बघायची, आणि मग माझ्याकडे बघणं टाळायची.

नवरात्र बसलं. वडिलांनी देवघरात घट मांडला, अखंड दिवा लावला. आई दिव्यात तेल घालता घालता म्हणाली, "दिवा इझला तर घर इझल्यावानी वाटतंय बघ. ह्या फुलांचं बी तसंच आसंल. उजेड तुटू देऊ नगंस."

हे आम्हा सगळ्यांना एकदम पटलं. घरात नुकतीच वीज आली होती. मी खोलीतला बल्ब पेटीवर खाली सोडला आणि रात्रंदिवस जळत ठेवला. अखंड. आमच्या घरात अखंड उजेडानं कुणाचं वाईट होईल, हे कुणाच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

बोंडं आणखी आक्रसली. एक तर सुटून पाण्यात विरघळलं. तिचे डोळे खोल गेले. मी मोठा बल्ब आणला. येता-जाता विचारायचो, "घरची आठवण येते का? बरं नाही का? जेवलीस का?" उत्तर एकच, "काही नाही." मला राग यायचा. दगडाचा, समुद्राचा, तिच्या 'काही नाही'चा. हवंय तरी काय यांना?

दसरा झाला. नऊ दिवस जागून दमलेली देवी पुन्हा निजते, ती कोजागरीपर्यंत. संध्याकाळी वडील देवळातून आले. "निजली आई," असं म्हणून टेकले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तोवर वडिलांसमोर तिनं एक पुरं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

"मामंजी, देवी झोपते. मग माझ्या फुलांनी कधी झोपायचं?"

वडिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"समुद्रातसुद्धा रात्र होते हो," ती म्हणाली. "आणि त्या दिव्याखाली मलाही झोप नाही. नवरात्र बसल्यापासून नाही." आणि तांब्या तसाच हातात धरून रडायला लागली.

दिवस आणि रात्र कशी होते, हे मी दर वर्षी वर्गात कंदील आणि चेंडू घेऊन शिकवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडीलच उठले आणि आमच्या खोलीत जाऊन त्यांनी बल्बचं बटण दाबलं. "निजू दे समद्यांनाच," म्हणाले.

सकाळी जाग आली तेव्हा खोलीत नुसता फिकट उजेड होता. बोंडं मिटलेलीच होती. मी पेटीसमोर बसून राहिलो. हळूहळू एक बोंड फुगलं, आणि त्याच्या तोंडाशी हिरवट झालर उलगडली. मग दुसरं. मी हाक मारायला वळलो, तर ती झोपलेली. आमच्या घरात सून सगळ्यांच्या आधी उठते, त्यामुळं लग्न झाल्यापासून तिला झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं.

आई दारात आली. "उठली न्हाय व्हय आजून?" मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं पेटीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि चूल पेटवायला स्वतःच गेली.

मला काही कळेना. उठवावं, तर झोप मोडणार. न उठवावं, तर ती उठेपर्यंत फुलं मिटली म्हणजे? तेवढ्यात साण्यातला कवडसा सरकत सरकत तिच्या उशीपर्यंत आला. मी उठलो, आणि तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून मध्ये जाऊन बसलो.